राजा कुठं होता?

तिसरीचा वर्ग, मधली सुट्टी नुकतीच संपलेली. पोरांच्या अंगाला अजून खिचडीचा वास. अशा वेळी गणित काढण्यात अर्थ नसतो, हे चौतीस वर्षं फळ्यापुढं उभी राहिलेली बाई म्हणून सांगते. मी गोष्ट काढली. हिमगौरी आणि सात बुटके. आरसा झाला, शिकारी झाला, बुटक्यांच्या सात ताटल्या मोजून झाल्या. सफरचंदापर्यंत आले, तेवढ्यात तिसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. एरवी ही हजेरीलासुद्धा नीट आवाज काढायची नाही. म्हणाली, "बाई, राजा कुठं होता?"

"कुठला राजा गं?"

"हिमगौरीचे पप्पा."

असेल राज्याच्या कामात, असं काहीतरी सांगून मी तिला खाली बसवलं. ती बसली, पण तिला पटलेलं नव्हतं. तिची आई आदल्या वर्षी गेली होती आणि त्या उन्हाळ्यातच घरात दुसरी आई आली होती. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी नेमकी तीच गोष्ट काढली. ही चूक माझी. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं तर चाललं असतं, मला सुचायला हवं होतं. मी स्वतः सावत्र आईच्या हाताखाली वाढलेय.

तेव्हापासून त्या राजाचा मी पिच्छा सोडलेला नाही. मुलानं ग्रिमबंधूंच्या गोष्टींचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं, तेव्हा आधी त्यालाच शोधला. हिमगौरीची आई जाते, वर्षानं राजा दुसरं लग्न करतो, आणि त्या वाक्यानंतर तो गोष्टीतून जातो तो जातोच. मेला म्हणून नाही, लढाईवर गेला म्हणूनही नाही. पोरीला रानात मारायला पाठवतात, पोर घरातून नाहीशी होते, आणि राजवाड्यात एक माणूस विचारत नाही की पोर कुठाय.

सिंड्रेलाचा बाप तर याहून पुढचा. डिस्नेच्या १९५० सालच्या चित्रपटात त्याला सुरुवातीलाच मारून टाकलाय, त्यामुळं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की बिचारीला बाप नव्हताच. ग्रिमच्या गोष्टीत तो चांगला जिवंत आहे, हिंडता-फिरता आहे. जत्रेला जातो, सावत्र मुलींना कपडे-मोती आणतो, आपल्या मुलीला तिनं मागितली तशी झाडाची फांदी आणतो. आणि राजपुत्र जोडा घेऊन दारात येतो, तेव्हा हाच बाप सांगतो की पहिल्या बायकोची एक खुरटी पोर आहे चुलीपाशी, ती काही तुमची नवरी असायची नाही. हे मी दोनदा वाचलं. सावत्र आईचं बोलणं जगभर पोचलं आणि सख्ख्या बापाचं हे वाक्य बरोबर गळलं. त्याआधीचा, १६९७ सालचा फ्रेंच पेरो तरी एक कारण देतो: बाप बायकोच्या मुठीत होता, मुलीनं तक्रार केली असती तर उलट तिलाच रागावला असता. म्हणजे तिथंही दोष फिरून बायकोवरच.

हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला बाप स्वतः हातानं घेऊन जातो. एकदा नाही, दोनदा. शेवटी मुलं चेटकिणीचं जडजवाहीर घेऊन घरी येतात, तोवर सावत्र आई मेलेली असते, आणि बाप त्यांना पोटाशी धरतो. गोड शेवट. एक प्रश्न नाही, एक माफी नाही.

परीकथांमधल्या राजकन्या झोपून राहतात आणि राजपुत्रानं येऊन उठवावं लागतं, हे मुलींना काय शिकवतं, यावर पुष्कळ बोलून झालंय, आणि ते बरोबरच बोललं गेलंय. त्याचा उपयोगही झाला. माझ्या नातीकडं तलवारवाल्या राजकन्यांची दोन पुस्तकं आहेत, एक तर ड्रॅगनशी दोस्ती करते. माझी काही हरकत नाही. पण या सगळ्या डागडुजीत एका माणसाला कुणी हात लावला नाही. राजकन्येला तलवार मिळाली, राजाला अजून एक वाक्य मिळालेलं नाही.

हे परदेशातलंच आहे असं म्हणून सुटता येत नाही. ध्रुवबाळाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बापाच्या मांडीवर बसायला गेलेल्या पोराला सावत्र आईनं, सुरुचीनं हटकलं, तू माझ्या पोटी जन्माला यायला हवा होतास म्हणून सुनावलं. सुरुची दुष्ट, हे आम्हाला शाळेत घोकून पाठ. पण मांडी कुणाची होती? मांडी उत्तानपाद राजाची. तो सिंहासनावर बसलेला, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत चाललेलं, आणि तो गप्प. त्या गप्प बसण्यापायी पाच वर्षांचं पोर रानात निघून गेलं. आकाशात ध्रुवतारा दाखवताना आपण सुरुचीचं नाव घेतो, उत्तानपादाचं नाव विचारलं तर निम्म्या लोकांना आठवत नाही.

किंवा श्रावणातली शिवामुठीची कहाणी घ्या. आटपाट नगरातल्या राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांजवळची जागा. का नावडती, तिनं काय केलं होतं, याबद्दल कहाणीत अवाक्षर नाही. तिचा नवरा या सगळ्यात काय करत होता, तेही नाही. शेवटी तिलाच देवाला साकडं घालावं लागतं की मला सगळ्यांची आवडती कर. ज्यानं आवडायचं तो मात्र व्रत करत नाही. आपली भाषा यावर इतकी फिदा की नावडतीचं मीठ अळणी ही म्हणच झाली. मीठ कुणाच्या जिभेला अळणी लागतं, ते म्हण सांगत नाही.

वर्तमानपत्रवाल्यांनाही एक सांगते, आता त्यांच्याच पानावर बोलतेय तर. अमुक भागाला सापत्न वागणूक, तमुक महामंडळाला सापत्नभाव, असे मथळे तुम्ही वर्षाकाठी किती छापता? सापत्न म्हणजे सपत्नीचं, सवतीचं. निधी अडवला कुणी, तर मंत्र्यानं. फाइल दाबली कुणी, तर सचिवानं. आणि शिवी कुणाला, तर सवतीला.

माझी माई सवत नव्हती, कारण माझी आई तिच्या येण्याआधी गेलेली होती. १९६४ साली, तिसऱ्या बाळंतपणात, मूलही गेलं. मी सहा वर्षांची. वर्षाच्या आत बाबांचं दुसरं लग्न झालं. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव, बाबा तलाठी. माई चार बहिणींतली तिसरी, वय एकोणीस, घरी हुंड्याला पैसा नाही म्हणून बिजवराला दिलेली. सावत्र आया अशाच यायच्या. बायका बाळंतपणात मरायच्या, पुरुषाला चूल पेटवायला आणि पोरं सांभाळायला कुणीतरी लागायचं, आणि गरिबाच्या घरी अशी एखादी मुलगी असायचीच. परीकथेतली ती राणी आरशापुढं उभी असते. माई पहिल्या दिवशी आमच्या घरात आली आणि तिनं विचारलं, पाणी कुठून आणायचं.

गल्लीतल्या बायकांना मात्र तिची गोष्ट आधीपासून पाठ होती. शेजारची एक आक्का विरजणाला ताक मागायला यायची. माई परसात असली की मला जवळ ओढून, आवाज खाली करून विचारायची, "पोरी, नवी आई जेवाय घालती का न्हाई तुला पोटभर?" मी मान हलवायची. तिला ते पुरायचं नाही. माझा दंड चाचपून बघायची. एकदा माई मागच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. काही बोलली नाही, वाटीत ताक ओतून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं जेवण ओसरीवर. घर रस्त्याला लागून, ओसरीला दार नाही. संध्याकाळी गुरं परतायच्या वेळेला, म्हणजे गल्ली भरलेली असताना, माई पितळीत भाकरी, कालवण, वर तुपाची धार घालून मला उंबऱ्यापाशी बसवायची. तुपाची वाटी आतून भरून आणायची नाही, बाहेर येऊन सगळ्यांसमक्ष ओतायची. मला त्याची लाज वाटायची. येणारं-जाणारं माणूस माझ्या पितळीत बघून जायचं. मी म्हणायची, मला आत बसू दे. ती म्हणायची, इथं वारं आहे, बस. पुढं माझा धाकटा भाऊ झाला, तो आत चुलीपाशी जेवायचा. मला वाटायचं, हा तिचा म्हणून आत, मी परकी म्हणून बाहेर. पंचविशी ओलांडेपर्यंत मी हेच समजत होते.

आता या चित्रात बाबांना बसवून बघा. ते चावडीवरून येत. माझी पितळी ओलांडून आत जात, टोपी खुंटीला अडकवत, पाय धुऊन पाटावर बसत. रोज. सात-आठ वर्षं. एकदाही त्यांनी विचारलं नाही की ही पोर बाहेर का जेवते. ते वाईट नव्हते. त्यांनी कधी माझ्यावर हात उचलला नाही, माईवरही नाही. गावच्या सात-बाऱ्यात कुणाच्या बांधावर कोणतं झाड आहे ते त्यांना तोंडपाठ असायचं.

सगळ्याच सावत्र आया माईसारख्या असतात असा माझा दावा नाही. चटक्याचे डाग असलेले हात मी वर्गात पाहिलेत, आणि त्यातले काही सावत्र आईनं दिलेले होते, काही सख्ख्या आईनं. पण चटका बसला त्या घरात दुसरं मोठं माणूस होतं की नाही, एवढंच माझं विचारणं आहे. गोष्ट ते विचारू देत नाही.

आणि गोष्ट आपोआप अशी झालेली नाही. ग्रिमबंधूंनी १८१२ साली पहिला भाग छापला, तेव्हा हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला सावत्र केलं. हॅन्सेल-ग्रेटेललाही रानात सोडा म्हणणारी आधी आईच होती, १८४० च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत ती सावत्र झाली. मुलांच्या पुस्तकात आईचं नाव खराब नको, असा हिशेब असणार. समजू शकते. पण लेखणी हातात घेऊन आई स्वच्छ केलीच होती, तर दोन ओळी बापासाठीही लिहायच्या होत्या. ते काम त्यांना काम वाटलंच नाही.

यात मला सगळ्यांत जास्त टोचतं ते वेगळंच. या गोष्टी सांगणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. ग्रिमना गोष्टी पुरवणाऱ्यांत शेजारपाजारच्या सुशिक्षित मुली होत्या, आणि कासेलच्या बाजारात घरचा भाजीपाला विकायला येणारी डोरोथेआ फीमान ही शिंप्याची बायकोही होती. आपल्याकडं मुंबई इलाख्याचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याची मुलगी मेरी हिनं 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचं पुस्तक १८६८ साली काढलं, त्यातल्या गोष्टी तिला सांगितल्या ॲना लिबराता डिसूझा या तिच्या आयानं. ॲनाला त्या तिच्या आजीकडून मिळालेल्या. या आयाची स्वतःची हकीकतही त्या पुस्तकात छापली आहे, आणि मला विचाराल तर राक्षस-राजकन्यांपेक्षा ती जास्त वाचण्यासारखी आहे. तर ॲनाच्या पहिल्याच गोष्टीत राजाला सात मुली, राणी मेलेली, आणि प्रधानाची विधवा येऊन राजाशी लग्न जमवते. पुढचं तुम्ही ओळखलंच.

बायकांनी बायकांनाच का धारेवर धरलं? माझा अंदाज सांगते, अंदाजच आहे. ॲना गव्हर्नरच्या घरच्या पगारावर होती. आजी मुलाच्या घरात असते. माई बाबांच्या. ज्याच्या भाकरीवर आपण बसलोय त्याच्याबद्दल गोष्टीतसुद्धा बोलायची चोरी. मग त्याला वाईट म्हणण्यापेक्षा सोपं काय, तर त्याला गोष्टीतून उठवून बाहेर पाठवायचं. राजा शिकारीला गेला. राजा कामात होता.

खुलभर दुधाची कहाणी आठवते? राजा गावातलं झाडून सगळं दूध देवाच्या गाभाऱ्यात आणायचा हुकूम काढतो, वासरं-पोरं उपाशी राहतात, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी घरातल्यांना पाजून उरलेलं खुलभर दूध नेते आणि गाभारा भरतो. ही आमच्या सगळ्या कहाण्यांतली एक बाई, जी राजाला तोंडावर सांगते की चूक तुमच्या हुकमात आहे. पण कधी? राजानं आधी अभय दिल्यावर.

माईला मी विचारलं होतं, खूप उशिरा, बाबा गेल्यानंतर. "तू मला ओसरीवर का जेवायला बसवायचीस?"

"आत धूर असायचा," ती म्हणाली.

"आणि बाबांना कधी काही बोलली नाहीस?"

"त्यांना काय बोलायचं," ती म्हणाली, आणि मिरच्यांची देठं काढत राहिली.

ती स्वतः गोष्टी सांगायची, पण राजा-राणीच्या कधी नाहीत. पेरणीआधी आमच्याकडं शेंगा फोडायचं काम यायचं, मापावर. कंदिलाभोवती बसून बी काढायचं. माझ्या अंगठ्याला फोड यायचा, तिची युक्ती अशी की शेंगेची चोच चिमटीत दाबायची, ती आपोआप उकलते. त्या वेळी ती भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगायची. भोपळा टुणूक टुणूक निघाला की एक पोचट शेंग जमिनीवर टिचकीनं उडवायची, ती खडखडत उंबऱ्यापर्यंत जायची. दर रात्री तीच गोष्ट, आणि दर रात्री मी शेंगेकडं बघत राहायची.

मोठेपणी मोजून पाहिलं, त्या गोष्टीत पुरुष एकही नाही. म्हातारीला नवरा नाही, मुलगा नाही, लेकीच्या घरी जावई दिसत नाही. कोल्हा आणि वाघ आहेत, ते खायला टपलेले. म्हातारी आत्ता मला खाऊन काय मिळणार म्हणून पटवते, लेकीकडं खाऊनपिऊन धष्टपुष्ट होते, आणि येताना लेक तिला भोपळ्यात बसवून देते. दोन बायकांनी मिळून केलेला डाव. कुणी गोरी नाही, कुणी सुंदर नाही, लग्नाचा तर विषयच नाही. बापाला दोष द्यायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही, तर सांगायला हीच गोष्ट उरत असावी. परीकथांवरच्या चर्चेत हिचं नाव कुणी घेत नाही. एके दिवशी मी माईला विचारलं होतं, ती लेक म्हातारीची सख्खी होती का सावत्र? माईनं शेंग फोडली, बी माझ्या तोंडात टाकलं आणि गोष्ट पुढं चालू ठेवली.

तर गोष्टी बंद करा, पुस्तकं बदला, असं काही माझं मागणं नाही. त्या मुलीनं प्रश्न विचारल्यानंतर निवृत्तीपर्यंत, म्हणजे दहा वर्षं, मी हिमगौरी सांगत राहिले. फक्त राणी आरशापुढं आली की थांबायची आणि वर्गाला विचारायची: राजा कुठाय? उत्तरं ऐकण्यासारखी असायची. गलाईच्या धंद्याला केरळात गेला असेल. आमच्या भागातल्या निम्म्या घरांतले बाप, काका तिकडंच असतात, सोन्या-चांदीच्या भट्टीवर. द्राक्षाला औषध मारायला गेला असेल. राणीला भीत असेल. त्याला माहीतच नसेल, बायका सांगत नाहीत. एका पोरानं, बाकावर रेघा ओढता ओढता, मान वर न करता सांगितलं, पिऊन पडला असेल. वर्ग हसला नाही. एक मुलगी म्हणाली, त्याला माहीत असेल पण तो म्हणत असेल, बायकांच्या भांडणात मी कशाला पडू. ती नऊ वर्षांची होती.

हल्ली मी वर्षातले सहा महिने पुण्याला मुलाकडं असते. फ्लॅट आठव्या मजल्यावर, ओसरीचा प्रश्नच नाही. परवा रात्री सून अजून कामावरून यायची होती, नातीला जेवण भरवत होते. ती पाच वर्षांची. तिला पडद्यावरची हिमगौरी पाठ आहे, १९३७ सालचा तो चित्रपट तिनं माझ्या मोबाइलवर किती वेळा पाहिला असेल देव जाणे. त्यात राजा औषधालाही नाही. तरी मी सवयीनं विचारलंच, "हिमगौरीचे बाबा कुठं होते गं?"

तिनं घास गालात सारला आणि विचार केला.

"त्यांची मीटिंग असेल," ती म्हणाली. "हिमगौरी दार वाजवत असेल, पण ते म्यूटवर असतील."

आतल्या खोलीतला कीबोर्डचा आवाज थांबला. मग थोड्या वेळानं परत सुरू झाला.